पानाखालची तारीख

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरले. अशा पुरात वीज जाते, नेट जाते. वीज परतते तेव्हा काम चालू असताना बंद पडलेला एखादा संगणक उठतच नाही. ‘फाइल सिस्टीम हाताने तपासा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवून तो थांबतो. ती तपासायची कशी, हे सांगणारे मॅन्युअल त्याच डिस्कमध्ये अडकलेले असते.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमची माहिती कागदावर नीट उतरवता आलीच पाहिजे. पण कागद शिळा होतो, आणि शिळा कागद घातक ठरू शकतो. जुन्या लिनक्समध्ये डिस्कचे नाव ‘एचडीए’ असे. पुढे तशीच डिस्क ‘एसडीए’ झाली. आजच्या एनव्हीएमई डिस्कची नावे आणखी वेगळी. जुना कागद समोर ठेवून भलत्याच डिस्कवर कमांड चालवली, तर शाळेच्या निकालपत्रकांपासून सगळे पुसले जाईल.

हा प्रश्न युनिक्स घडवणाऱ्यांना सुरुवातीलाच भेटला होता. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी मॅन्युअलची पहिली आवृत्ती काढली, तिच्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. प्रत्येक कमांडचे पान वेगळे. त्यात वापर, संबंधित फायली आणि माहीत असलेले दोषसुद्धा. शिवाय त्या प्रोग्रॅमची जबाबदारी कोणाची, हेही पानावरच लिहिलेले. दोष स्वतःहून छापणारे मॅन्युअल मला आजही थोर वाटते.

युनिक्सच्या मॅन्युअलमध्ये पुढे रुळलेली मजकुराची पद्धतही टिकली. लेखक पानाची सजावट करत नाही, फक्त खुणा करतो: हे शीर्षक, हा पर्याय, ही फाइल. त्याच एका मजकुरातून पडद्यावरचे पान बनते आणि छपाईचेही. दोन प्रती वेगवेगळ्या सांभाळायच्या नसल्या, की एक सुधारली आणि दुसरी राहिली असे होत नाही. ओपनबीएसडी या सिस्टीममध्ये तर पानाची तारीखही माणूस टाकत नाही. सुधारलेली फाइल भांडारात जमा झाली की तारीख आपोआप बदलते आणि छापल्यावर पानाखाली उमटते. हातातला कागद किती जुना, हे त्यावरून लगेच कळते.

मराठीत अडचण छपाईपासून सुरू होते. लिनक्समधली ही पाने छापणारा ग्रॉफ अक्षरामागे अक्षर मांडत जातो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिखाणात आधी येते, जोडाक्षर बांधावे लागते. हे त्याला जमत नाही. ते काम हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते, आणि लिब्रेऑफिस, झीटेक त्याचाच आधार घेतात. लिनक्सच्या गाभ्याचे दस्तऐवज २०१६ पासून स्फिंक्स या साधनाकडे वळले. त्यांची पीडीएफ झीटेकमार्गे तयार होते, म्हणजे देवनागरीसाठी रस्ता खुला आहे.

भाषांतर ताजे ठेवण्याचीही सोय आहे. ‘पीओफोरए’ हे साधन मजकुराचे परिच्छेद वेगळे करते. मूळ परिच्छेद बदलला की त्याच्या भाषांतरावर ‘संशयित’ अशी खूण पडते आणि छापील पानात तेथे मूळ इंग्रजी मजकूर येतो. चुकीच्या मराठीपेक्षा बरोबर इंग्रजी बरी, हा निर्णय मला पटतो. ८० टक्क्यांहून कमी भाषांतर शाबूत असेल, तर वेगळी सूचना दिल्याशिवाय हे साधन पान तयारच करत नाही.

सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय सिस्टीम डेबियनवर उभी आहे, आणि डेबियनमधली जर्मन, फ्रेंच पाने याच पद्धतीने सांभाळली जातात. मराठीत सुरुवात डिस्क तपासणी, बॅकअप, नेटवर्क आणि प्रिंटर एवढ्या पानांपासून करावी. लाखांदूर किंवा साकोलीच्या शाळेत संगणक सांभाळणाऱ्या गुरुजींना आधी हीच लागतील.