छत्तीसच्या स्पीडला पंचेचाळीस अंश

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध अंबाबाईचं देऊळ, त्याला कवेत घेणारी 1917 सालची दुमजली गोल इमारत आणि तिच्या अंगाअंगानं दिवसभर फिरणाऱ्या दुचाक्या. कुणाच्या मागं दुधाच्या किटल्या, कुणाच्या मागं खताचं पोतं, कुणाच्या मागं आख्खं कुटुंब. एखाद्या सकाळी, दुकानांची शटर वर जायच्या आत, चहाचा ग्लास घेऊन तिथं कडेला थांबा आणि फक्त चाकांकडे बघा. रस्ता गोल आहे, त्यामुळं प्रत्येक गाडी आतल्या अंगाला किंचित कललेली दिसेल. किती कलायचं हे दूधवाल्याला कुणी शिकवलेलं नाही. तरी तो बरोबर तेवढाच कलतो. अंशभरही कमी नाही, अंशभरही जास्त नाही.

मला या कलण्याचं वेड आहे. तेच मला एका छोट्या, उंच, सडपातळ गाडीपर्यंत घेऊन गेलं. तिला सुपरमोटो म्हणतात.

गाडी सांगायला सोपी आहे. माती उडवणाऱ्या मोटोक्रॉसच्या शर्यतीतली गाडी घ्या. तिचं पुढचं चाक 21 इंची असतं आणि टायरला ट्रॅक्टरसारखे गट्टू असतात. ती चाकं काढा आणि 17 इंची चाकं लावा, वर डांबराला चिकटून बसणारे गुळगुळीत टायर चढवा, पुढं मोठी ब्रेक डिस्क बसवा. झाली सुपरमोटो. एकच सिलिंडर, रुंद हँडल, लांब खेळणारे शॉकअप आणि अंगावर नावाला प्लास्टिक. आपल्याकडं 2019 साली आलेली हिरोची एक्सपल्स 200 घेऊन, तिचं 21 इंची पुढचं आणि 18 इंची मागचं चाक बदलून पोरं हीच गाडी घरी तयार करतात. केटीएमनं 2024 च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात 390 एसएमसी आर नावाची तयार छोटी सुपरमोटो दाखवली. ते 390 चं घराणं पुण्याजवळच्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात वाढलेलं आहे. बजाजचाच दुसरा मोठा कारखाना 1985 पासून वाळूजला, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, मोटारसायकली घडवतोय. तेव्हा हा विषय परका मानायचं कारण नाही.

गाडीचा जन्म मात्र टेलिव्हिजनच्या एका प्रश्नातून झाला. मोटारसायकलवर जगात सगळ्यात चांगला स्वार कोण? डांबरावरचा, मातीच्या गोल ट्रॅकवरचा, की उड्या मारणारा मोटोक्रॉसवाला? 1979 साली गॅव्हिन ट्रिप यांच्या कल्पनेतून कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला एक शर्यत भरली. थोडा ट्रॅक डांबरी, थोडा मातीचा, मध्ये उड्या. तिघांनाही एकाच मैदानात उतरवलं. एबीसी वाहिनीनं तिला ‘सुपरबायकर्स’ नाव दिलं आणि 1985 पर्यंत ती दाखवली. पुढं 500 सीसीचं जगज्जेतेपद चार वेळा मिळवणारा एडी लॉसन याच शर्यतीत मातीतून डांबरावर झेपावताना लोकांनी पाहिला. अमेरिकेत नंतर ती बंद पडली, पण फ्रेंच लोकांनी तिला उचलून धरलं. 2002 पासून तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते.

थोडं डांबर, थोडी माती. हे वाचताना मला हसू आलं होतं, आनंदाचं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला येणारा हमरस्ता आता रुंद झालाय, पण त्यावरून शिवारात उतरलात की दोन किलोमीटर डांबर, मग मुरूम, मग काळ्या मातीची चाकोरी. सुगीत डांबरावर वाळत घातलेलं सोयाबीन. त्याचे दाणे चाकाखाली आले की कशी गत होते, ते आपल्याकडच्या पोराला अठरा वर्षांचा व्हायच्या आत कळलेलं असतं. कार्ल्सबॅडला जे मुद्दाम बांधावं लागलं, ते आपल्याकडं गावोगावी अंथरलेलं आहे.

आता खरी गंमत.

गोल फिरणारी गाडी किती कलेल, हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं: वेग आणि गोलाचा आकार. वेगाचा वर्ग करा, त्याला त्रिज्येनं भागा, गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणानं भागा. जो आकडा येईल तो कलाच्या कोनाचा टॅन्जन्ट. या हिशेबात वजन कुठंच येत नाही. पैलवान बसला काय आणि शाळकरी पोरगा बसला काय, त्याच गोलावर त्याच वेगात दोघं सारखेच कलणार. इंजिन किती सीसीचं, गाडी कितीची, हेही येत नाही.

समजा गाडी 45 अंशांत कलवायची आहे, म्हणजे जमीन आणि आभाळ यांच्या बरोबर मध्यावर. 100 मीटर त्रिज्येच्या वळणावर त्यासाठी ताशी 113 किलोमीटर वेग लागतो. 10 मीटर त्रिज्येच्या वळणावर? फक्त 36. टायरला रुंदी असते म्हणून प्रत्यक्षात गाडी याहून थोडी जास्तच कलते, पण गोष्ट बदलत नाही. 36 म्हणजे गावातून बाजाराला जाताना असतो तो वेग. त्या वेगात तोच कोन, शरीरावर तोच दाब, टायरवर तोच ताण, जो मोठ्या गाडीवाल्याला 113 च्या वेगात मिळतो.

आणि धोका? वेगाच्या वर्गानं वाढणारी ऊर्जा इथं दहापटीनं कमी आहे. तेवढीच पकड वापरून सरळ ब्रेक मारला, तर 113 वरून थांबायला 50 मीटर लागतील आणि 36 वरून 5 मीटर. हा हिशेब मी पहिल्यांदा वहीच्या मागच्या पानावर केला तेव्हा तीनदा तपासून पाहिला. भौतिकशास्त्रानं गरिबाला एवढी मोठी सूट दिली असेल असं वाटलंच नव्हतं.

म्हणून छोट्या सुपरमोटोला मोठा ट्रॅक लागत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, जिथं 2023 च्या सप्टेंबरात भारतातली पहिली मोटोजीपी झाली, एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथं ही गाडी बापुडी वाटेल. चेन्नईजवळचा 1990 पासूनचा ट्रॅक साधारण 3.7 किलोमीटरचा आहे. पण कार्टिंगसाठी बांधलेले आखूड, नागमोडी ट्रॅक हे तिचं घर. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा असा ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्या आहेत. सरळ रस्ता असा नाहीच, एक वळण संपायच्या आत दुसरं तोंडाशी. लातूर-नांदेडला असा ट्रॅक नाही. आपल्या पोरांना घाट उतरून जावं लागतं, आणि याची मला मनापासून खंत आहे. कारण लागते ती जागा फार थोडी.

अशा ट्रॅकवर सरावाला जायचा दिवस तो ट्रॅक-डे; ती शर्यत नव्हे. दिवसभराची फी भरायची, गाडीची तपासणी करून घ्यायची, आरसे काढायचे, दिव्यांच्या काचांना चिकटपट्टी लावायची, चामड्याचा सूट, बूट, हातमोजे, हेल्मेट. मग आपल्या वेगाच्या गटात पंधरा-वीस मिनिटं फिरायचं, बाहेर यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा आत. सगळे एकाच दिशेनं. समोरून उसाचा ट्रॅक्टर नाही, आडवी म्हैस नाही. चुकलात तर बाजूला मोकळी जागा. जो प्रयोग हमरस्त्यावर गुन्हा आहे आणि असायलाच हवा, तो इथं अभ्यास होतो.

त्या अभ्यासात पहिलं आश्चर्य पायाशी भेटतं. तुमचं आणि गाडीचं मिळून वजन धरा दोनशे किलोच्या आसपास. टायरमधल्या हवेचा दाब धरला, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकलेली जागा साधारण एका मोबाइलएवढी भरते. सगळं काही त्या मोबाइलएवढ्या रबरावर चाललेलं असतं: थांबणं, वळणं, वेग घेणं.

ही पकड म्हणजे ताटातली एकच भाकरी आहे. ब्रेकलाही त्यातूनच द्यायचं, वळणालाही त्यातूनच. पण वाटणी साध्या वजाबाकीची नाही, ती काटकोन त्रिकोणाची आहे. ब्रेकला सहा दशांश दिले, तर वळणाला चार नाही, आठ दशांश उरतात. सहाचा वर्ग छत्तीस, आठचा चौसष्ट, बेरीज शंभर. शाळेत फळ्यावर बघितलेला तीन-चार-पाचचा त्रिकोण टायरखाली जिवंत असतो. म्हणून कसलेला स्वार वळणात शिरतानाही ब्रेक थोडा धरून ठेवतो आणि गाडी कलत जाईल तसा बोटाबोटानं सोडतो. नवशिक्या दोन्ही कामं वेगवेगळी करतो आणि अर्धी भाकरी ताटातच ठेवतो.

दुसरं आश्चर्य हातात. गाडी डावीकडं न्यायची तर हँडल कुठं ढकलायचं? दहापैकी दहा जण डावीकडं म्हणतील. खरं उत्तर उलटं आहे. डाव्या हातानं डावी मूठ पुढं ढकलायची, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडं वळतं. लहानपणी तळहातावर काठी उभी तोलायचा खेळ आठवतो? काठी डावीकडं कलवायची तर हात आधी उजवीकडं न्यावा लागायचा. गाडीचंही तेच. चाकं उजवीकडं सरकतात, वरचा भार डावीकडं कलतो, मग चाक आपोआप कलाच्या मागं वळतं. गंजगोलाईतला दूधवाला हे रोज शेकडो वेळा करतो. त्याच्या हातांना माहीत आहे, त्याला नाही.

तिसरं म्हणजे बसायची तऱ्हा. मोटोजीपीत स्वार गाडीच्या आतल्या बाजूला लटकतो, गुडघा जमिनीला घासतो, म्हणजे गाडीला कमी कलावं लागतं. सुपरमोटोवाला नेमकं उलटं करतो. तो टाकीला चिकटून ताठ बसतो, बाहेरचं कोपर वर काढतो आणि गाडीलाच आपल्याखाली ढकलून पाडतो. आतला पाय पुढं, चाकाच्या दिशेनं लांब सोडलेला. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, लोह्याच्या पुढं, मार्गशीर्षात घोड्यांचा बाजार भरतो. तिथं चाल दाखवताना घोडा झटक्यात वळवणारा स्वार बघा: घोडं कललेलं, स्वाराची मान मात्र क्षितिजाशी सरळ. मला या दोघांत फरक दिसत नाही.

असं बसल्यानं गाडीला कल जास्त लागतो, टायरची कड लवकर संपते. मग फायदा काय? फायदा चपळाईचा. शरीराचा मोठा भार न हलवता हलकी गाडी तेवढी इकडून तिकडं टाकायची, तर क्षणात टाकता येते. मातीतून आलेला तो सोडलेला पाय वजन पुढच्या चाकाकडं नेतो, आणि गाडी स्लिप व्हायला लागली तर आधाराला तयार असतो. मोठ्या वेगाच्या लांब वळणात ही तऱ्हा महागात पडते. दहा मीटरच्या वळणात तीच राणी.

आणि शेवटी ते दृश्य, ज्यासाठी लोक कुंपणाला चिकटून उभे राहतात. वळण जवळ येतं, स्वार पुढचा ब्रेक जोरात दाबतो, सगळा भार पुढच्या टायरवर, मागचं चाक जमिनीला जेमतेम शिवलेलं. त्याच वेळी तो खालचे गिअर टाकतो. इंजिन मागच्या चाकाला मागं ओढतं, हलकं झालेलं चाक पकड सोडतं आणि बाजूला सरकायला लागतं. गाडी तिरपी होऊन, कमरेतून वळून वळणात शिरते. आवाज रबराचा, दचकवणारा. पण नीट बघितलं तर स्वार घाईत नसतो. मागचं चाक घसरतंय हे त्याला आधीच ठाऊक होतं, त्यानंच त्याला घसरायला सांगितलं होतं. पुढचं चाक मात्र धरून असतं. ते सुटलं की खेळ खलास.

हे मला अजून जमलेलं नाही. आधी सरावाला येतात ते वळणातला ब्रेक आणि डाव्या तळव्याचा तो हलका दाब. पुढच्या वेळी तुमची रोजचीच गाडी, कोणतीही, मोकळ्या सरळ रस्त्यावर, पुढंमागं कुणी नसताना तीसेकच्या स्पीडला असेल, तेव्हा दोन्ही हात सैल सोडा, मुठी नुसत्या धरून ठेवा, आणि डाव्या तळव्यानं मूठ अगदी नकळत, कणीक तिंबताना पहिल्यांदा टेकवतो तेवढीच, पुढं दाबा. गाडी डावीकडं जाईल.