लंडनमधला अजिंठा

लंडनला लेकीकडे किंवा मुलाकडे जाणारी मंडळी आता खामगाव, नांदुरा, पिंपळगाव राजा या भागातही भेटतात. पाहण्याच्या यादीत बकिंगहॅम पॅलेस आणि टॉवर ब्रिज असतातच. त्या यादीत साउथ केन्सिंग्टनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम सगळ्यात वर असावे. साताऱ्यात 2024 साली आलेली वाघनखे याच संग्रहालयाची, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण आपल्या शेजारचा अजिंठाही तिथे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल 1844 साली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमला गेला. जंगल, ताप आणि अंधारी लेणी यांतून वाट काढत त्याने वर्षानुवर्षे मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. 1866च्या आगीत चार-पाच सोडून सगळे जळाले. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे गिल आणि त्याची प्रेयसी पारो आपल्या ओळखीचे झाले. त्याच्या कामाची मात्र तेवढी आठवण कोणी काढत नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची आणि मेहकरच्या जुन्या धर्मशाळेची त्याने काढलेली छायाचित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दीडशे वर्षांपूर्वीचा आपला बुलढाणा जिल्हा त्यांत दिसतो. 1879 साली गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे. नांदुऱ्याहून मुंबईला जाणारी प्रत्येक गाडी त्या गावावरून जाते.

गिलचे काम जळाले म्हणून ते पुन्हा करायचे ठरले. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातच होते. 1885 पर्यंत सुमारे 300 चित्रे तयार झाली आणि लंडनला गेली. त्याच वर्षी तिथल्या कोठारात आग लागली आणि शंभरावर चित्रे गेली. गिल आणि ग्रिफिथ्स दोघांची मिळून आज 166 उरली आहेत.

या प्रतिकृती तैलरंगातल्या. काही सहा मीटर लांब नि तीन मीटर उंच, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या खोलीच्या भिंतीवर न मावणाऱ्या. त्या पाहताना एक गोष्ट मनात ठसते. गिलावा जिथे निखळला होता, तिथे या मुलांनी आपल्या कल्पनेने रंग भरला नाही. पोपडा गेलेली जागा तशीच दाखवली. म्हणून त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या भिंतीचा भरवशाचा पुरावा ठरतात. अस्सल चित्रांवर तेव्हा आणि नंतरही वॉर्निश चढवले गेले. ते काळवंडले, पिवळे पडले. भिंतीवर आज न दिसणारे काही तपशील या कॅनव्हासवर सापडतात.

एवढे असून 1955 नंतर ही चित्रे कायमस्वरूपी प्रदर्शनात नाहीत. 2006 साली त्यांतल्या निम्म्यांच्या जतनाचे काम हाती घेतले गेले, ही जमेची बाजू. पण जे. जे.च्या मुलांनी तेरा वर्षे खपून केलेले काम कोठारात राहावे, हे योग्य नाही. निदान एक दालन त्यांना मिळायला हवे, आणि ही मागणी महाराष्ट्रातून गेली पाहिजे.

जाणाऱ्यांनी एवढे करावे. संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. पण ही चित्रे दालनात दिसणार नाहीत. निघण्याआधी संग्रहालयाला पत्र लिहून ती पाहता येतील का, हे विचारावे. जमले नाही तरी त्यांच्या संकेतस्थळावर बरीच चित्रे घरबसल्या बघता येतात. आणि त्याही आधी अस्सल चित्रे पाहून घ्यावीत. बुलढाण्याहून सकाळी निघाले तर अजिंठा पाहून संध्याकाळी परत येता येते. सोमवारी मात्र लेणी बंद असतात.