नागपूरचं जेल फुटलं होतं, आठवते काय? कैदी पळतो तं कसा, आणि मागं राहिलेल्यांवर काय येते

३१ मार्च २०१५ ची पहाट. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी पळाले. वर्धा रोडवरचं हे जेल काही साधं नाही. राज्यात फाशी द्यायची सोय फक्त दोन ठिकाणी आहे, एक पुण्याचं येरवडा आणि दुसरं आपलं नागपूर. पुढं चारच महिन्यांनी, ३० जुलैला, याकूब मेमनला याच जेलात फाशी झाली. अरुण गवळीही अनेक वर्षं इथंच होता. अशा जेलातून पाच पोरं गज कापून, चादरी बांधून भिंत उतरून निघून गेली. मुख्यमंत्री नागपूरचे, गृहखातं त्यांच्याचकडं. साऱ्या राज्यात बोंब झाली.

पाचही जण कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याची केस कोर्टात चालू आहे, सजा अजून लागली नाही असा. त्यातले काही राजा गौस टोळीचे, मकोका लागलेले. मकोका हा १९९९ चा कायदा, संघटित टोळ्यांसाठी केलेला. तो लागला की जामीन मिळणं लय कठीण. म्हणजे बाहेर यायची वाट कोर्टातून दिसत नव्हती.

तेव्हा चहाच्या टपरीवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट होती, एवढी उंच भिंत चढली कशी? मला विचाराल तं हा प्रश्नच चुकीचा आहे. भिंत चढणं हे शेवटचं काम. त्याआधी गज कापायला ब्लेड लागते आणि ते भिंतीतून उगवत नाही. गज एका घडीत कापून होत नाही, त्याचा आवाज होतो. त्याच बॅरेकीत बाकीचेही कैदी झोपलेले असतात. हे सारं कोणाच्या कानावर, डोळ्यावर आलं नाही, किंवा आलं आणि गप्प बसले, तेव्हा कुठं भिंतीची पाळी येते. घटनेनंतर जेलची झडती घेतली तं आत मोबाईल सापडले. अधिकारी, कर्मचारी निलंबित झाले. मोबाईल आत जातो त्याच वाटेनं ब्लेडही जाते. आपल्या वावराला तारेचं कुंपण केलं तरी रानडुक्कर काही कुंपणावरून उडी मारून येत नाही, फाटक जिथं ढिलं राहिलं तिथूनच येते. तसंच हे.

मोठ्या जेलची रचना थोडी समजून घ्या. दर्शनी गेटला दोन दरवाजे असतात, एक बाहेरचा, एक आतला. एक उघडा असला की दुसरा बंद ठेवायचा. मधल्या जागेत येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती, रजिस्टरात नोंद. संध्याकाळी गिनती करून बॅरेकला कुलूप, सकाळी उघडताना परत गिनती. रात्री पहारा. कागदावर यात कुठंच फट नाही. पण झडती घेणारा माणूस, गिनती करणारा माणूस, पहाऱ्यावरचाही माणूसच. तो थकते, झोपते, ओळख झाली की सवलत देते, कधी पैसा घेते. पळणारा कैदी भिंतीचा अभ्यास करत नाही, या माणसांचा करते.

या अभ्यासात सगळ्यात हुशार निघाला चार्ल्स शोभराज. २०२५ मध्ये मनोज वाजपेयीचा 'इन्स्पेक्टर झेंडे' सिनेमा आला, तो गावातल्या बऱ्याच पोरांनी मोबाईलवर पाहिला. सिनेमा हसत-खेळत दाखवला आहे. खरा माणूस हसण्यासारखा नव्हता.

शोभराजचा जन्म ६ एप्रिल १९४४ चा, व्हिएतनाममधल्या सायगावचा. बाप भारतातला सिंधी, आई व्हिएतनामी. आईनं पुढं फ्रेंच फौजेतल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं, म्हणून पोरगा फ्रान्समध्ये वाढला. तरुणपणातच चोऱ्यांपायी तिथल्या जेलात गेला. पुढं आशियात आला. १९७१ मध्ये दिल्लीच्या अशोका हॉटेलातल्या दागिन्यांच्या दुकानावर त्यानं डल्ला मारला. त्या वर्षी मुंबईत त्याला पहिल्यांदा धरलं ते मधुकर झेंडे या मराठी पोलीस अधिकाऱ्यानं. दिल्लीला नेल्यावर पोटात दुखते, अपेंडिक्स आहे असं सोंग करून तो दवाखान्यात भरती झाला आणि तिथून पळाला. काबूलमधूनही असाच निसटला, ग्रीसमधूनही. प्रत्येक ठिकाणी कुलूप कमी आणि माणूस जास्त कामी आला.

१९७५-७६ मध्ये थायलंड आणि नेपाळमध्ये पाठीवर बॅग टाकून फिरणारी गोरी पोरं-पोरी मरून सापडू लागली. पद्धत ठरलेली. गोड बोलून दोस्ती करायची, आजारी पडले की औषध म्हणून गुंगीचं काही द्यायचं, पैसे आणि पासपोर्ट घ्यायचे. मग त्याच पासपोर्टवर आपला फोटो लावून पुढच्या देशात. थायलंडमध्ये एका डच जोडप्याचा खून झाला. त्याच्या मागं लागून बँकॉकमधल्या हर्मन निपेनबर्ग नावाच्या डच वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं पुरावे गोळा केले. पण तोवर शोभराज थायलंडमधून निघून गेला होता. त्याच्यावर डझनभरापेक्षा जास्त खुनांचा संशय आहे. मेलेली बहुतेक पोरं वीस-पंचवीस वर्षांची होती, घरून पत्र येते का म्हणून वाट पाहणारे त्यांचेही आईबाप होते. शोभराजवर बनलेल्या रील पाहताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

१९७६ च्या जुलैत दिल्लीत त्याचा हिशोब चुकला. फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या गटाला त्यानं जुलाबाची गोळी म्हणून गुंगीची गोळी दिली. गोळी लवकर चढली. पोरं हॉटेलातच धडाधड पडू लागली, जे शुद्धीवर होते त्यांना समजलं आणि त्यांनीच याला धरून ठेवलं. सजा झाली, तिहार जेल मिळालं.

तिहारमध्ये त्याचा थाट पाहुण्यासारखा होता. कायद्याचं त्याला चांगलं समजत होतं, तो दुसऱ्या कैद्यांचे अर्ज लिहून द्यायचा. अधिकाऱ्यांना खूश ठेवायचा, त्यांची अंडीपिल्लीही ठाऊक ठेवायचा. पत्रकार मुलाखती घ्यायला यायचे. दहा वर्षं तो काही पळाला नाही. ही दहा वर्षंच त्याची तयारी होती असं मला वाटते. १६ मार्च १९८६ ला, रविवारी, वाढदिवसाचं निमित्त करून पहारेकऱ्यांना मिठाई वाटली. मिठाईत गुंगीचं औषध. पहारा आडवा झाला आणि हा गडी दुसऱ्या काही कैद्यांना घेऊन दारातून चालत बाहेर गेला. गज कापला नाही, चादर बांधली नाही. ज्याचं दहा वर्षं खाल्लं-प्यालं त्याच्या हातची मिठाई नाकारायचं कोणाच्या मनात आलं नाही, एवढंच.

मुंबई पोलिसांनी परत झेंडेंनाच कामाला लावलं, कारण त्याला जवळून ओळखणारा माणूस तेच. ६ एप्रिल १९८६ च्या रात्री गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात झेंडेंनी त्याला मागून मिठी मारून धरलं. हातकडी जवळ नव्हती म्हणून दोरीनं बांधून आणलं. तारीख पाहा. तो त्याचा खरा वाढदिवस होता. त्या हॉटेलात पुढं शोभराजचा पुतळा बसवला. गिऱ्हाईक फोटो काढतात. धरणाऱ्याचा नाही, पळणाऱ्याचा पुतळा!

आता यातली खरी मेख. थायलंडमध्ये त्याच्यावर खुनाचं वॉरंट होतं आणि तिथं गेला असता तं मौतीची सजा होती. पण त्या वॉरंटची मुदत २० वर्षांची. भारतातली सजा संपत आली होती. पळाला, धरला गेला, सजा वाढली आणि १९९७ मध्ये सुटला तोवर थायलंडचं वॉरंट बाद झालं होतं. म्हणजे पळून जायला नाही, आत राहायलाच तो पळाला, असं पुष्कळांचं म्हणणं आहे. शेवटी २००३ मध्ये काठमांडूत जुगाराच्या अड्ड्यावर सापडला. १९७५ च्या खुनात नेपाळनं जन्मठेप दिली. म्हातारपण आणि आजार पाहून डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, तो फ्रान्सला गेला.

तिहारमधूनच १७ फेब्रुवारी २००४ ला फूलनदेवीच्या खुनातला आरोपी शेरसिंह राणा गेला. त्याला तं मिठाईही लागली नाही. पोलिसाच्या वेशात साथीदार आला, कोर्टात हजर करायचं आहे म्हणून कागद दाखवला आणि कैदी घेऊन गेला. कागदावर सही-शिक्का दिसला की आपल्या सरकारी हपिसात पुढचं कोण पाहते? दोन वर्षांनी तो कोलकात्यात सापडला.

भोपाळचं मात्र कोणी गंमत म्हणून सांगू नये. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे, दिवाळीच्या दिवसांत, सिमीचे आठ कच्चे कैदी तिथल्या जेलातून पळाले. इथंही भिंतीला चादरीच होत्या. पण आधी त्यांनी पहाऱ्यावरच्या रमाशंकर यादव या हवालदाराला मारलं. काही तासांतच आठही जण पोलिसांच्या गोळीबारात मेले. त्या चकमकीवर प्रश्न उठले ते वेगळे, पण घरून दिवाळीला ड्युटीवर गेलेला माणूस परत आला नाही.

पळालेल्याचं होते ते होते, मागं राहिलेल्यांचं काय? देशातल्या जेलांत दर चार कैद्यांमागं जवळपास तीन कच्चे आहेत. नागपूरच्या जेलात जागेपेक्षा जास्त माणसं भरलेली असतात. त्यात गावातल्या धुऱ्याच्या भांडणातला असते, दारूच्या केसमधला असते. जेल फुटलं की पहिला दणका यांना बसते. झडत्या वाढतात, मुलाकतीचे नियम कडक होतात. एसटीनं ७०-८० किलोमीटरवरून आलेली म्हातारी भेट न होता परत जाते. (मुलाकत आता मोबाईलवर ई-मुलाकातमधूनही नोंदवता येते, नंबर लागला तरच निघा. वकील परवडत नसेल तं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळते.)

कायदा काय म्हणते ते गावात कमी लोकांना माहीत आहे. कोठडीतून पळणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २६२, दोन वर्षांपर्यंत सजा. ती आधीच्या सजेशिवाय, वरून. मूळ केसमध्ये पुढं निर्दोष सुटला तरी पळाल्याची केस राहते. हलगर्जीनं कैदी पळू देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कलम २६१ आहे.

संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे लोक ज्याला फर्लो आणि पॅरोल म्हणतात, त्यावर गावी आलेला पक्का कैदी तारखेला परत गेला नाही तं त्याच्यावरही हाच गुन्हा दाखल होते. भिंत चढायची गरज नाही, घरी बसून राहिला तरी तो फरारीच. पेरणी आहे, बहिणीचं लग्न आहे, म्हणून दोन दिवस जास्त राहिला, असं आपल्याकडं सर्रास होते. मुदत वाढवायची असेल तं ती संपायच्या आधी अर्ज करावा लागते, आणि आजारपण असेल तं दवाखान्याचे कागद सोबत.

आणि लपवणाऱ्यांसाठी कलम २५३. पळालेल्या कैद्याला माहीत असून आसरा दिला तं मूळ गुन्हा जन्मठेपेचा असल्यास तीन वर्षांपर्यंत, फाशीचा असल्यास सात वर्षांपर्यंत सजा होऊ शकते. नवऱ्याला बायकोनं किंवा बायकोला नवऱ्यानं आसरा दिला तं हे कलम लागत नाही. आईबाप, भाऊ, साळा, दोस्त यांना ही सूट नाही. वावरातल्या झोपडीत रात्री भाकर नेऊन देणाराही यात येते.