आर नदीकाठचे मायशॉस

पश्चिम जर्मनीत ऱ्हाइनला मिळणारी आर ही लहानशी नदी. लांबी जेमतेम ८५ किलोमीटर. तिच्या एका वळणावर मायशॉस हे गाव वसले आहे. वर खडकावर साफेनबुर्ग किल्ल्याचे पडके अवशेष, खाली नदी, मध्ये उभ्या चढावर द्राक्षमळे. सभासद बंधू म्हणतील, आपण ऊसवाले, आपल्याला वाईनच्या गावाचे काय? पण १८६८ साली येथे १८ बागायतदारांनी काढलेला सहकारी संघ हा द्राक्ष बागायतदारांचा जगातला सर्वांत जुना संघ मानला जातो.

चढ असा की ट्रॅक्टरसुद्धा चालत नाही. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली, त्यावर वेली, आणि बहुतेक काम हातानेच. दगड पाटीचा, काळा. दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. म्हणून एवढ्या उत्तरेकडे, थंडीच्या मुलखात, काळी द्राक्षे पिकतात.

वाटण्या होऊन रानाचे तुकडे झालेले, भाव व्यापारी ठरवणार. द्राक्ष एकदा तोडले की थांबत नाही. तोडलेल्या उसाचे तरी दुसरे काय? तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच तळघर चालवायचे ठरवले. त्याच ऱ्हाइनकाठच्या मुलखात रायफायझन यांनी शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभ्या केल्या होत्या. आपल्या देशातला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच धर्तीवर आला. म्हणजे नाते दूरचे असले तरी खरे आहे.

आम्ही शिवारात ब्रिक्स पाहतो, तशी तिकडे द्राक्षरसातली साखर ‘एक्सले’ अंशात मोजतात. तिकडच्या संघांत ज्याच्या मालाला अंश जास्त, त्याला भाव जास्त, अशी रीत आहे. आपल्याकडे साऱ्या कारखान्याचा सरासरी उतारा धरून टनावर भाव. पाचटासकट आलेली मोळी आणि स्वच्छ मोळी एकाच दराने जाते. आम्हाला हे खटकते. काहींना आवडणार नाही, पण लिहून ठेवतो.

आता नदीचे. १४ जुलै २०२१ च्या रात्री आरला असा पूर आला की जवळच्या अल्टेनार येथील पाणीमापी यंत्र ५.७५ मीटरचा आकडा दाखवून बंदच पडले. पाणी त्याच्याही बरेच वर गेले. खोऱ्यात १३० हून अधिक माणसे दगावली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या पुरात बुडालेला ऊस ज्यांनी पाहिला, त्यांना जास्त सांगायला नको. १८०४ सालीही तिथे असाच पूर येऊन ६३ माणसे गेली होती. नोंद कागदावर होती, तरी घरे नदीकडेच सरकत राहिली. हे आपल्याकडेही चालते!

चढावरचे मळे बहुतेक वाचले, काठचे वाहून गेले. तळघरांत चिखल भरला. खोऱ्यातल्या वाईनवाल्यांनी चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता तशाच विकायला काढल्या. लोकांनी मदत म्हणून त्या घेतल्या आणि सुमारे ४४ लाख युरो जमले. त्याच वर्षी, घरे अजून उघडी पडलेली असताना, द्राक्षतोडणीची वेळ आली. दुसऱ्या भागांतले बागायतदार मदतीला आले, आणि तोडणी झाली.