पक्षाघातानंतर हाताच्या कार्याची मोजणी

पक्षाघाताच्या रुग्णपत्रकावर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीस ‘हातास उतार’ एवढे दोन शब्द लिहिण्याचा प्रघात आपल्यात आहे. सहा महिन्यांनी ते पत्रक पुन्हा उघडले, तर त्या शब्दांवरून काहीच उमगत नाही.

चरकाचार्यांनी पक्षाघाताची चिकित्सा चिकित्सास्थानाच्या २८ व्या अध्यायात सांगितली आहे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात ग्रहण आणि धारण ही हातांची कर्मे सांगितली आहेत. परीक्षेची दिशा त्यातच आहे. हात किती उंच उचलला, याहून तो काय धरतो आणि किती वेळ धरून ठेवतो हे पाहावयाचे. त्यास आम्ही तिसरे कर्म जोडू इच्छितो : सोडणे. अनेक रुग्णांत मूठ आधी वळते, बोटे उघडणे मागाहून येते, कित्येकदा येतच नाही. पेला घट्ट धरणारा हात पाहून घरचे हर्षभरित होतात. पण तो पेला खाली ठेवता येत नसेल, तर ते बळ नव्हे, स्तंभ आहे.

आधुनिक शास्त्रात यासाठी अनेक चाचण्या आहेत. लाईल यांनी १९८१ साली मांडलेल्या ‘अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट’ या चाचणीत १९ कृती असून प्रत्येकीस ० ते ३ गुण, एकूण ५७. लाकडी ठोकळे उचलणे, एका पेल्यातील पाणी दुसऱ्यात ओतणे, गोटी चिमटीत धरणे, हात डोक्यामागे व तोंडाकडे नेणे, अशा त्या कृती. कृती जमली पण फार वेळ लागला वा कष्टाने झाली तर २, अर्धवट झाली तर १. ही गुणपद्धती आपणांस सहज उचलता येईल. मात्र घरगुती साहित्याने केलेल्या मोजणीस त्या चाचणीचे नाव देऊ नये. तिचे साहित्य व मापे ठरलेली आहेत.

किल्लारी परिसराचा विचार करता कृती इथल्याच असाव्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ऐन उमेदीत ज्यांची घरे गेली, ती पिढी आज वार्धक्यात आहे, आणि पुनर्वसित गावांतील कित्येक घरांत म्हातारा-म्हातारी दोघेच असतात. तेथे ज्वारीची भाकरी दोन्ही हातांनी थापता येणे, सदऱ्याची गुंडी लावणे, तांब्या तोंडाशी नेणे, खुरपे धरणे, यांवर त्यांचे परावलंबन ठरते. दवाखान्यात जमणारी कृती घरी होते का, हेही स्वतंत्रपणे विचारावे. निरोगी हातावर भागवण्याची सवय जडली की दुखरा हात येत असूनही वापरला जात नाही.

आता आपल्या चिकित्सेशी निगडित, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अभ्यंग-स्वेदनानंतर स्तंभ काही काळ कमी होतो. त्या वेळी घेतलेले गुण अधिक येणारच. म्हणून मोजणी नेहमी अभ्यंगापूर्वी, त्याच आसनावर बसवून, शक्यतो त्याच प्रहरी करावी. पहिली मोजणी औषध सुरू करण्याआधीची हवी. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत निसर्गतःच बरीच सुधारणा होते. आरंभीचे गुण नोंदलेले नसतील, तर सारे श्रेय आपल्या तेलास अथवा रसकल्पास देण्याचा मोह आवरत नाही. नोंद असूनही निसर्गाचा वाटा किती, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही, हेही ध्यानी असावे. परीक्षा करताना लुळा हात ओढू नये. खांद्याचा सांधा आधीच सैल झालेला असतो. मर्दन करणाऱ्यासही हे बजावावे.

औषधी विक्रेत्यांस एक विनंती. महानारायण तेलाची बाटली पुन्हा नेण्यास रुग्ण स्वतः आला, तर तो सुटे पैसे कोणत्या हाताने घेतो, पिशवी कोणत्या हातात धरतो, हे सहज दिसते. ते वैद्यास कळवावे. आणि ‘आज सकाळपासून हात चालेना, तोंड वाकडे झाले’ असे सांगत कोणी तेल मागू लागला, तर बाटली न देता त्यास तत्काळ मेंदूच्या सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि किल्लारीहून लातूर गाठण्यातच त्यातील बराच वेळ जातो.