‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हणजे नेमके काय?



मागच्या अंकातील जमाखर्चात ‘ऑक्युपेशनल थेरपी’ हा शब्द वाचून दोन-तीन मंडळींतून विचारणा झाली. ऑटिझम असलेल्या मुलांना तुम्ही सुतारकाम, शिवणकाम शिकवता काय, असे एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मराठीत या शाखेला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात, म्हणून असा समज होतो. पण इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सारे: जेवणे, दात घासणे, सदरा घालणे, खेळणे, वर्गात बसणे. यात मूल कुठे अडते ते शोधून त्याला वाट काढून देणे, हे या उपचाराचे काम. आपल्या देशात याचे शिक्षण १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, क्वेकर पंथाच्या, आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या होत्या.

ऑटिझम ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे. अशा मुलाला बोलणे, इतरांत मिसळणे अवघड जाते. रोजचा क्रम बदलला की ते घाबरते. आवाज, स्पर्श, वास त्याला फार तीव्र किंवा फार मंद जाणवतात. पाड्यावर याला ‘लागीर’ म्हणतात, शहरात ‘लाडाने बिघडला’ म्हणतात. दोन्ही खोटे आहे. आईबापांच्या चुकीने ऑटिझम होत नाही आणि उपचाराने तो ‘जात’ही नाही. मुलाचे जगणे मात्र पुष्कळ सोपे करता येते.

एक उदाहरण सांगते. सातपुड्यातून विशेष शाळेत आलेला दहा वर्षांचा मुलगा रोज जेवणाचे ताट भिरकावी. सगळे त्याला हट्टी म्हणत. थेरपिस्टबाईंनी तीन दिवस नुसते पाहिले. स्टीलच्या ताटांचा खणखणाट सुरू झाला की तो कान झाकी, आणि वरण वाहत भाकरीला लागले की ताट उडे. मग त्याला भिंतीकडेची जागा दिली, इतरांच्या दहा मिनिटे आधी बसवले, वरण वेगळ्या वाटीत वाढले. काही आठवड्यांत ताट उडणे थांबले. पुढे रोज थोडा थोडा वेळ वाढवत त्याला पंगतीत आणले.

शाळेत साठ मुले आणि प्रमुख थेरपिस्ट एकच. प्रत्येक मुलाला रोज तासभर देणे तिला शक्य नाही. म्हणून तिचे खरे काम इतरांना तयार करण्याचे आहे. ती प्रत्येक मुलाची तपासणी करते, दोन-तीनच साधी उद्दिष्टे ठरवते, आणि ती शिक्षक, मदतनीस, स्वयंपाकीण यांना करून दाखवते. दर तीन महिन्यांनी सगळे मिळून पडताळणी करतात. झोपाळा, वजनदार गोधडी ही केवळ साधने. त्यांनी वर्गात किंवा जेवणात फरक पडत नसेल, तर ती बाजूला ठेवण्याचे धैर्यही प्रमुखाकडे लागते.

आमच्या भागात खरी कसोटी सुट्टीत लागते. घरी झोपाळ्याची खोली नसते, आई पावरी बोलते, दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जाते. मजुरीला जाताना असे मूल खाटेला बांधून ठेवलेले मी पाहिले आहे. त्यात निर्दयपणा नव्हता. विहीर आणि चुलीपासून त्याला वाचवण्याचा दुसरा उपाय त्या आईला ठाऊक नव्हता. म्हणून थेरपिस्ट घरातल्याच वस्तूंनी शिकवते. हापशावरून लहान कॅनने पाणी आणणे हा अंगाला जोर देणारा उत्तम व्यायाम आहे. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला की पुढे काय होणार ते मुलाला कळते. होळीचा ढोल सुरू होण्याआधी त्याला कुठे न्यायचे, हेही आधीच ठरते.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. अंगणवाडीतील बालकांची तपासणी सरकारी पथक वर्षातून दोनदा करते. दोन वर्षांचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर त्या पथकाला अवश्य सांगावे. लवकर ओळखलेल्या मुलाला खाटेला बांधण्याची वेळ बहुधा येत नाही.

आपल्या देणगीतून थेरपिस्टच्या पाड्यांवरील भेटींचा प्रवासखर्च भागतो. शिवाय पैशाविना होणारे एक काम आपल्या हाती आहे. आपल्या मंडळीतही असे एखादे कुटुंब असेल, आणि लोक वळून पाहतात म्हणून ते उपासनेला येणे टाळत असेल. त्यांना दाराजवळची जागा राखून ठेवा. गायनाच्या वेळी मूल बाहेर अंगणात गेले तर जाऊ द्या. उपासनेचा क्रम आईला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे ती मुलाला तयार करून आणील. आणि मूल मोठ्याने ओरडले, तर मागे वळून पाहू नका.