दातांचा डॉक्टर पारखावा कसा?

माजरी जंक्शनवरून एक फाटा वणीकडे जातो आणि मुख्य मार्ग वरोरा व चंद्रपूरकडे. दाढ दुखली की माजरीच्या माणसासमोर हीच गावे उभी राहतात. वरोऱ्याला जावे, भद्रावतीला, वणीला की सरळ चंद्रपूर गाठावे? खाण कामगाराची पाळी बुडते, रोजंदारीवाल्याची हजेरी जाते, दुकानदाराला शटर ओढावे लागते. म्हणून बहुतेक जण लवंगेचे तेल आणि दुखण्याची गोळी यांवर दिवस ढकलतात आणि अगदीच असह्य झाले की जो सर्वांत जवळ व स्वस्त सापडेल त्याच्यापुढे तोंड उघडतात. बैल विकत घेताना आपण त्याचे दात मोजतो, कापड घेताना चार दुकाने फिरतो. स्वतःचे दात दुसऱ्याच्या हाती देताना मात्र काहीच पारखत नाही.

याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. आमचे खालू वेकोलितून निवृत्त झालेले. तरुणपणापासून खर्ऱ्याची सवय. खालची दाढ हलू लागली तेव्हा आठवडी बाजारात बसणाऱ्या एका दातवाल्याने ती पाच मिनिटांत उपटून दिली. पैसे थोडे, वेळही थोडा, खालू खूश. पण महिना उलटला तरी जखम भरेना. पुन्हा त्याच माणसाकडे गेले, त्याने कापसाचा बोळा ठेवून चार गोळ्या हातावर ठेवल्या. अडीच महिन्यांनी नागपूरला तपासणी झाली, तेव्हा कळले की दाढ हलत होती ती कर्करोगामुळे. त्या दातवाल्याने दाढ पाहिली, तोंड पाहिले नाही. खालू आज आपल्यात नाहीत. त्यांच्या आजारपणात जे शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पाटी नको, नोंदणी पाहा

आपल्या देशात दंतवैद्यकाला शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. रफिउद्दीन अहमद यांना जाते. त्यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला तो त्यांच्याच प्रयत्नांतून, आणि पुढे १९४८ साली संपूर्ण देशासाठी दंतवैद्यक कायदा आला. सरकारने त्यांना १९६४ साली पद्मभूषण दिले. त्यांचा जन्मदिवस २४ डिसेंबर हा भारतात दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो. ही सारी धडपड एवढ्यासाठीच होती की कोणीही उठून लोकांच्या तोंडात पक्कड घालू नये.

म्हणून दवाखान्यात शिरताच भिंतीकडे पाहावे. बी.डी.एस. ही या विषयाची मूळ पदवी. त्यावर एखाद्या शाखेत आणखी शिक्षण घेतले की एम.डी.एस. होते. पदवीबरोबर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र व क्रमांकही हवा. दिसला नाही तर विचारावे. खरा डॉक्टर रागावत नाही, बोट दाखवून प्रमाणपत्र दाखवतो. ‘वडिलोपार्जित दातांचा दवाखाना’ अशा पाटीने किंवा एखाद्या डॉक्टरकडे काही वर्षे हाताखाली काम केल्याने कोणी दंतवैद्य होत नाही. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करील तो नुकसानीस जबाबदार राहील, या अर्थाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आजच्या कायद्यापेक्षा ती वेगळे काय सांगते?

आधी पाहणे, मग हात लावणे

चांगल्या डॉक्टरची खरी परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत होते. तो दुखऱ्या दातावर थांबत नाही. जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू हे सर्व उजेडात पाहतो. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे विचारतो. बायांना दिवस गेले आहेत का, हेही विचारतो. साखर वाढलेली असताना किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना दात काढणे जोखमीचे असते. हे प्रश्न न विचारता जो थेट इंजेक्शन भरतो, त्याच्या खुर्चीवरून उठावे.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, तो खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून तयार होणारा हा खर्रा चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी पोहोचला आहे. गडचिरोलीत २०१६ साली ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू करावे लागले, यावरून संकटाचा आकार लक्षात यावा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट लागताच होणारी आग, आणि आपलीच तीन बोटे उभी जाणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, ही धोक्याची चिन्हे आहेत. ती पाहून जो डॉक्टर ‘आधी तुकडा तपासायला पाठवू’ म्हणतो, तो आपले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवूनही आपला जीव वाचवतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या जिल्ह्यात अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. त्यामुळे मुलांच्या दातांवर पिवळे, तपकिरी डाग येतात. ती कीड नव्हे. गाव कोणते, पाणी कोणते, हे विचारणारा डॉक्टर डागांना कीड समजून चांगला दात कोरत नाही. डागावर उपाय आहेत, पण आधी पाणी बदलायला हवे हेही तो सांगतो.

हत्यारे स्वच्छ आहेत ना?

सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलूसमधील वैद्य अबुल कासिम जहरावी यांनी दातांवरचे कीटण खरवडण्याच्या हत्यारांची चित्रे आपल्या ग्रंथात काढून ठेवली. हत्यारे तेव्हाही होती. त्यांवरील जंतू मारण्याचे ज्ञान नंतर आले. काविळीचा ‘बी’ विषाणू रक्तातून पसरतो आणि दंतवैद्याच्या हत्याराला रक्त लागतेच. नुसते उकळते पाणी किंवा डेटॉल पुरेसे नाही. दवाखान्यात ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्र, हवेच. हत्यारे बंद पाकिटातून तुमच्यासमोर निघावीत, सुई नवी असावी, हातमोजे प्रत्येक रुग्णाला बदलावेत. ‘ऑटोक्लेव्ह आहे का?’ एवढे विचारायला लाज कसली?

पैशाचा व्यवहार

दात काढणे स्वस्त आणि वाचवणे महाग, म्हणून पुष्कळ जण ‘काढूनच टाका’ म्हणतात. चांगला डॉक्टर अशा वेळी हिशेब मांडून दाखवतो. दात काढला की शेजारचे दात कलतात, समोरचा खाली येतो, आणि पुढे कवळी किंवा पूल बसवण्याचा खर्च येतोच. निर्णय आपला, पण तिन्ही मार्ग व तिन्ही खर्च त्याने सांगितले पाहिजेत.

रूट कॅनल करायचे असेल तर आधी एक्स-रे काढला का आणि काम संपल्यावर पुन्हा काढला का, हे पाहावे. टोपीची किंमत त्यात धरली आहे की वेगळी, ते आधीच विचारावे. टोपी धातूची, धातूवर सिरॅमिकची की झिर्कोनियाची, त्यावर दर ठरतो. झिर्कोनियाच्या टोपीबरोबर कंपनीचे हमीपत्र येते, ते मागून घ्यावे. किती खेपा घालाव्या लागतील हेही विचारावे, कारण माजरीहून प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस. जो पहिल्याच भेटीत सहा दात कोरायला निघतो किंवा ‘आज पैसे भरा, उद्या दर वाढेल’ म्हणतो, त्याला सलाम करून दुसरे मत घ्यावे. मालातील दोष झाकून विकणे इस्लामने निषिद्ध ठरवले आहे. नसलेला दोष दाखवून विकणे त्याहून वेगळे कसे मानायचे?

प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि एक्स-रे जपून ठेवावेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निर्णय दिला की पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. मूळ १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आहे. हलगर्जीपणा झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पण हातात कागद नसेल तर तक्रार उभी राहत नाही.

खिसा हलका असेल तर

पैसे नाहीत म्हणून बाजारातल्या दातवाल्याकडे जाण्याची गरज नाही. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात अल्प दरात उपचार होतात. वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथेही दंत महाविद्यालय आहे. विद्यार्थी काम करतात म्हणून वेळ जास्त लागतो, पण वर शिक्षकांची नजर असते. सकाळची गाडी पकडावी, जुने कागद व चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी.

डॉक्टर कितीही चांगला असला तरी निम्मे काम आपलेच आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मिस्वाकवर किती भर दिला हे आपण जाणतो. पण सकाळी मिस्वाक आणि दुपारी खर्रा, हा कोणता हिशेब? शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. ती कोणाच्या हाती सोपवायची हे ठरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारा: नोंदणी कोठे आहे, हत्यारे कशी स्वच्छ करता, माझे संपूर्ण तोंड पाहिले का, आणि एकूण खर्च किती. उत्तरे सरळ मिळाली तर खुर्चीत बसा. नाही मिळाली तर उठा. गाडी चुकली तर पुढची मिळते.